नको असलेलं पीक

आई या वर्षी गेली. भेटायला येणारी माणसं थोडा वेळ तिच्याबद्दल बोलतात, मग चहा येतो आणि चहाबरोबर एक प्रश्न हमखास येतो. एवढं एम.एस्सी. होऊन तुम्ही जव्हार कधी सोडलं नाहीत ते कसं? मी म्हणतो, आईसाठी. माणसं मान हलवतात. उत्तर खरं आहे, पण अर्धंच. जायची वेळ एकदा आली होती, आणि माझं जाणं की राहणं हे कागदावरच्या करंगळीएवढ्या एका टेकडीवर अडलं होतं. ही गोष्ट मी कोणाला सांगत बसलो नाही, कारण ती सांगायची तर आधी यंत्र समजावून सांगावं लागतं. आता वेळ आहे. सावकाश लिहितो.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. जव्हारच्या बाहेर माळावर गोळ्या-औषधांचा एक छोटा कारखाना होता. मूळ कंपनी ठाण्याची. कारखान्याच्या एका टोकाला दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती आणि तिथला केमिस्ट मी एकटाच. घर साखरशेतला. वडील प्राथमिक शिक्षक, निवृत्त झालेले. आई भाताचं आणि नाचणीचं शेत बघायची. सकाळच्या जीपने मी जव्हारला यायचो आणि संध्याकाळच्या जीपने परत जायचो. त्याच जीपमध्ये आमच्या शेजारच्या पाड्यातली एक बाई असायची. प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुण्याचं काम तिच्याकडे होतं. वयाने आईएवढी, म्हणून मी तिला मावशी म्हणायचो. ती मला भाऊ म्हणायची आणि माझ्या वडिलांना गुरजी. साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा तिच्या पाड्यातला वर्ग वडिलांनी चालवला होता, आणि त्या वर्गातून खरोखर वाचायला शिकून बाहेर पडलेल्या मोजक्या बायकांत मावशी होती.

आता यंत्र. वीतभर लांबीची पोलादी नळी, आत पांढरी भुकटी गच्च भरलेली. एका बाजूने पंप नळीतून द्रव ढकलत राहतो. गोळी कुटून, विरघळवून, गाळून त्याचा एक थेंब सुईने त्या प्रवाहात सोडायचा. थेंबातले निरनिराळे पदार्थ भुकटीला कमी-अधिक चिकटतात आणि पुढे-मागे बाहेर पडतात. शर्यतीत पोरं पोचतात तसे. एखादा पदार्थ बाहेर पडला की सरकत्या कागदावरची लेखणी वर चढते आणि खाली उतरते. त्या टेकडीला इंग्रजीत पीक म्हणतात, आणि प्रयोगशाळेत आम्हीही पीकच म्हणायचो. आईला तो शब्द फार आवडला होता. मी घरी आलो की ती विचारायची, "आज पीक कसा आला?" आमच्या तापाच्या गोळीतलं औषध चार मिनिटांनी यायचं, आणि त्याच्याबरोबर नेहमी असणारी थोडी अशुद्धी नऊ मिनिटांनी. मधला कागद सपाट.

त्या वर्षी आषाढात वडील गेले. तेरावा उरकून मी चौदाव्या दिवशी, सोमवारी, कामावर गेलो. डोक्याचं मुंडन झालेलं, वर टोपी. माझ्या जागी दोन आठवडे येऊन गेलेल्या ठाण्याच्या केमिस्टने टेबलावर कागदांची गुंडाळी ठेवली होती. मी ती उलगडली. चारला औषध होतं, नऊला अशुद्धी होती आणि साडेसहाला एक तिसरीच टेकडी होती. बारीक, टोकदार, ओळखीची नसलेली. प्रत्येक कागदावर.

कारखान्याचे मॅनेजर, आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, ते आत आले. आधी वडिलांबद्दल दोन शब्द बोलले, मग खुर्ची ओढून बसले.

"हे बघा," ते म्हणाले, "ठाण्याचं म्हणणं असं की औषधात काहीतरी नवीन तयार होतंय, नाहीतर इथली लॅब धड नाही. त्यांनी तीच गोळी तपासली. त्यांच्याकडे हे पीक येत नाही."

"म्हणजे लॅबच धड नाही," मी म्हणालो.

"ते तुम्ही म्हणताय, मी नाही. शनिवारपर्यंत कारण कळवा. नाही कळलं तर यंत्र ठाण्याला हलवतील, तपासणी तिकडेच होईल. तुम्हाला तिकडे घेतील, त्याची काळजी नको."

काळजी तीच होती. आईला वैधव्य येऊन पंधरवडा झाला नव्हता. शेतात आवणीचे, भात लावायचे दिवस, रोपं उपटून मुठी बांधून ठेवलेल्या. ती शेत सोडून ठाण्याच्या खोलीत येणार नव्हती, आणि त्या घरात तिला एकटी ठेवून मी जाऊ शकत नव्हतो. नोकरी सोडावी तर एम.एस्सी.ला दुसरं काम तालुक्यात नव्हतं. घरी मी हे काही बोललो नाही. भांडी धुता धुता मावशीने मात्र सगळं ऐकलं होतं.

शोधायचं कसं हे मला ठाऊक होतं. अनोळखी माणूस गावात आला तर तो कोणत्या वाटेने आला ते आधी बघायचं. पहिल्यांदा मी सुईने काहीच न सोडता यंत्र नुसतं चालू ठेवलं. रेघ सपाट. म्हणजे पंपात आणि वाहत्या द्रवात खोट नव्हती. मग शंका आली की हा आधीच्या थेंबातला रेंगाळलेला पाहुणा असेल. कधी कधी एखादा पदार्थ नळीत इतका रेंगाळतो की पुढच्या फेरीत येऊन टपकतो. पण असा उशिरा आलेला पाहुणा कागदावर पसरट दिसतो, भाकरीसारखा. ही टेकडी तर सुईसारखी होती. ती त्याच थेंबातून येत होती. गाळण्या बदलल्या, तरी टेकडी आलीच. गोळीशिवाय नुसता द्रव भांड्यात घेऊन सोडला. साडेसहा मिनिटं झाली आणि लेखणी शांतपणे वर चढली.

संशयातून गोळी सुटली, औषध सुटलं. टेकडी औषधाशिवायही येत होती.

त्या मंगळवारी संध्याकाळी आईने विचारलं. वडील गेल्यापासून तिने पहिल्यांदाच विचारलं होतं.

"पीक कसा हाय?"

"एक जास्तीचं येतंय. नको असलेलं."

"नको तिथं उगवतो त्याला तण म्हनतात. तुझे यंत्रात बी तण व्हतो?"

"होतं बहुतेक."

ती चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "तण बियान्यातून येतो, नायतर खतातून, नायतर वरचे शेतातून पान्याबरोबर. चौथी वाट नाय."

मी तेव्हा हसलो. बियाणं म्हणजे गोळी आणि खत म्हणजे द्रव असं धरलं तर ते दोन्ही मी दोन दिवस खपून आधीच वगळले होते, आणि पाण्याचा विचार मला शिवलाही नव्हता. कारण पाणी मी स्वतः करायचो. उकळून, वाफ थंड करून, थेंब थेंब पांढऱ्या कॅनमध्ये साठवलेलं पाणी. त्याच्याइतकं कोरं दुसरं काही प्रयोगशाळेत नव्हतं.

बुधवारी मी काचेकडे वळलो. फडताळातून सहा चंबू काढले आणि प्रत्येकात तोच द्रव घेतला. सहाही चंबूंतून टेकडी आली, पण उंची सारखी नव्हती. एकाची बोटभर, एकाची नखाएवढी. दोष द्रवात असता तर ती उंची एकसारखी असती. ही भांड्याभांड्याला बदलत होती. मग त्यातलाच एक चंबू मी स्वतः कॅनमधल्या पाण्याने तीनदा विसळला आणि पुन्हा द्रव घेतला. रेघ सपाट राहिली. साडेसहा मिनिटं उलटली, सात झाली, आणि मी पंधरा दिवसांत पहिल्यांदा कशावर तरी खूश झालो. खूश झाल्याची थोडी लाजही वाटली.

गुरुवारी सकाळी मी मावशीला म्हणालो, "मावशी, आज माझ्यासमोर एक चंबू धुवा. रोज धुता तसाच."

"माजा काय चुकला?"

"चुकलं म्हणून नाही. मला बघायचंय."

"बघा. पन बाजूला उभं ऱ्हा, पानी उडेल."

तिने पावडर घेतली, ब्रशने आतून घासलं, नळाखाली पाच वेळा विसळलं. आषाढात आमच्या नळाला लालसर पाणी यायचं, चहात दूध कमी पडल्यासारखं. चंबूवर त्याचा पुसट थर राहिला. मग तिने मोरीखालून एक निळी बादली पुढे ओढली. त्यातलं पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाचा गाळ हाताने उचलावा असा वेगळा दिसत होता. वरचं पाणी तिने अलगद मगाने घेतलं, चंबू विसळला आणि पालथा घातला.

"हे पाणी कुठलं?"

"नळाचा."

"नळाचं लाल आहे."

"निवळ केला ना."

तिने कमरेची चंची सोडली आणि त्यातून एक बी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. वाटोळं, चपटं, बटणाएवढं, एका बाजूने झिजलेलं. निवळीचं बी मी लहानपणी पाहिलं होतं. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी घरात आलं की माठाच्या आतून हे बी उगाळतात, गाळ तळाला बसतो आणि पाणी निवळतं. आमच्या घरी विहीर झाल्यावर ते मागे पडलं. पाड्यावर चालू होतं.

"पण मावशी, शेवटचं पाणी कॅनमधलं घ्यायचं होतं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मुंडनाबरोबर माझं डोकंही गेलं असावं.

"त्या कॅनला हात लावायचा नाय. कोन सांगलेला? दोन वरसं तुमीच सांगत व्हतात. मशिनचा पानी हाय, मावशी, हात नका लावू. मी लावला कवा?"

"नाही लावलात."

"मंग तुमीच कागद लावलात." तिने ओला हात मोरीवरच्या भिंतीकडे केला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागली. "भांडी. शेवटी. निवळ. पान्याने. विसळावीत. निवळ पानी नळाला येतो काय आषाढात? म्हनून बी आनला घरून."

मी भिंतीवरचा कागद पाहत उभा राहिलो. अक्षर माझं होतं. शब्द वडिलांचा होता.

झालं होतं ते असं. शेवटचं विसळणं रोज मीच करायचो, कॅनच्या पाण्याने. वडिलांचं दुखणं वाढलं आणि मी कधी येईन, कधी नाही, याचा भरवसा राहिला नाही, तेव्हा ते काम मावशीवर सोपवायचं ठरवलं. सूचना घरी बसून लिहिली. पुस्तकी सवयीने मी लिहिलं होतं, 'भांडी शेवटी ऊर्ध्वपातित जलाने विसळावीत.' वडील खाटेवर पडून होते. त्यांनी कागद मागितला, चष्मा मागितला, वाचलं आणि खोकला येईपर्यंत हसले.

"ही कोणासाठी लिहिलीस?"

"मावशीसाठी."

"ती 'ऊर्ध्व'पाशीच थांबेल आणि 'पातित' वाचून तुला शिव्या देईल. निवळ लिही. तिला 'ळ' येतो. मी शिकवलाय."

मी निवळ लिहिलं. चांगला शब्द मिळाला म्हणून बरंही वाटलं. माझ्या मनात त्याचा अर्थ कोरं, शुद्ध पाणी. मावशीच्या घरात निवळ पाणी म्हणजे निवळीने निवळलेलं पाणी, दुसरं कुठलं नाही. तिने ओळ बरोबर वाचली होती आणि बरोबर पाळली होती. वडिलांची ती बहुधा शेवटची दुरुस्ती. त्यांनी तपासलेल्या शेकडो वह्यांनंतरची, आणि तीच चुकलेली.

मला हसू आलं. मोरीपाशी उभा राहून मी हसत होतो, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मावशी म्हणत होती, "बसा. पोटात काय नसंल. भाकर देऊ?"

अंदाज झाला, पण अंदाजावर ठाण्याचं समाधान झालं नसतं. ते बी मी कॅनच्या पाण्यात काचेवर थोडं उगाळलं, गाळलं आणि सुईत घेतलं. मावशीला म्हणालो, थांबा, बघा. ती स्टुलावर बसली. इतकी वर्षं भांडी धुतली, पण यंत्र चालताना तिला कोणी बसवलं नव्हतं. लेखणी सरळ रेघ ओढत राहिली. चार मिनिटं गेली, पाच गेली. साडेसहाला ती उचलली आणि कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकली.

"ह्यो निवळीचा डोंगर?" मावशीने विचारलं.

"हो."

"येवढा एका बीचा?"

"तुमच्या बादलीत याचा थोडासाच अंश असतो. भांड्यावर वाळतो, मग आमच्या थेंबात येतो."

तिने थोडा वेळ कागद निरखला. "चांगली मशिन हाय," ती म्हणाली. "झाडाला वळखते." मग आवाज उतरवून, "भाऊ, मंग आता मला काढतील काय?"

साहेबांनाही तोच प्रश्न पडला, वेगळ्या अंगाने. शुक्रवारी मी सगळे चंबू कॅनच्या पाण्याने विसळून गोळी पुन्हा तपासली. चार आणि नऊ, मध्ये सपाट. सगळे कागद क्रमाने लावले, अहवाल लिहिला आणि त्यांच्यापुढे ठेवला. ते वाचत गेले आणि शेवटच्या पानावर थबकले.

"कारण, 'सूचनेतील संदिग्ध शब्द'. हे काय आहे? बाईने झाडपाला टाकला पाण्यात, असं सरळ लिहा ना."

"तिने सूचना पाळली, साहेब. चुकीची सूचना मी लिहिली."

"कुठला शब्द?"

"निवळ."

"त्यात काय संदिग्ध? निवळ म्हणजे स्वच्छ."

"तुम्हाला, मला. आमच्याकडे पाणी निवळतं ते बी उगाळून."

ते खुर्चीत मागे रेलले. "आणि हे मी ठाण्याला इंग्रजीत कसं समजावू? तुमच्या नावावर चूक घेताय, ते तिकडे म्हणतील की केमिस्टच बदला."

"म्हणतील. पण तिच्या नावावर लिहिलं तर कारण खोटं होईल आणि पुढच्या आषाढात नवी बाई पुन्हा तेच करेल."

पेन काढून त्यांनी एका ठिकाणी इंग्रजी सुधारलं, सही केली, आणि दुपारी फॅक्स गेला.

शनिवारी अकरापर्यंत फोन आला नाही. मी यंत्र पुसलं. पुसलेलं पुन्हा पुसलं. मावशी मोरीपाशी विनाकारण ब्रश धूत होती. साडेअकराला साहेब दारात आले.

"राहू दे म्हणाले."

"यंत्र?"

"यंत्र, तुम्ही, सगळंच. बियाचा कागद पाहून खूप हसले म्हणे. आणि असं म्हणाले की सूचना यापुढे मॅनेजरने वाचून सही केल्याशिवाय लावायची नाही. तेव्हा लिहा, मी सांगतो. 'भांडी शेवटी पांढऱ्या कॅनमधल्या पाण्याने विसळावीत.' अजिबात साहित्य नको."

मावशी आतून म्हणाली, "कॅनला हात लावायचा ना मंग? आता लिवून द्या. नायतर परत सांगाल नाय लावायचा."

शनिवारी अर्धा दिवस असायचा. दुपारच्या जीपने मी साखरशेतला उतरलो आणि घरी न जाता थेट शेतावर गेलो. आई चार बायकांबरोबर गुडघाभर चिखलात वाकून लावत होती. त्या वर्षी तिने शेतात उतरू नये असं भावकीतले म्हणत होते. तिने कोणाचं ऐकलं नव्हतं. मी बांधावर उभा राहिलो.

"यंत्र इथेच राहणार," मी म्हणालो. तिला काही सांगितलं नव्हतं हे बोलून गेल्यावर ध्यानात आलं.

ती सरळ झाली नाही. "बरा झाला. ठान्याला नाय ना जायचा?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझी मावशी सोमवारीच सांगून गेली."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? ऱ्हा बोलली असती तर तू ऱ्हायला असतास. नि मंग जलमभर तोंड पाडून ऱ्हायला असतास. जा बोलली असती तर खोटा बोलली असती." तिने पुढची तीन रोपं लावली. "तुझे कामानं ऱ्हायलास, ह्यो बरा."

शेजारची बाई म्हणाली, "गुरजींचा पोर तिथं काय पहारा देतो? उतर म्हनावं खाली."

मी चपला काढल्या, पँट दुमडली आणि उतरलो. आईने एक मूठ माझ्याकडे फेकली. कितीतरी वर्षांनी लावत होतो. दहाएक रोपं लावून झाली तेव्हा बायका हसायला लागल्या होत्या.

"वळ बघ कशी वाकडी चालली," आई म्हणाली. "माजे बाजूला ये नि माजेकडं बघून लाव."

मी तिच्या बाजूला सरकलो.